मोठ्यानं सांगायचं

"आणि आपली पत्नी? ती आपल्याला हुकूम कसा करते?" पाद्री एस्तेबाननं विचारलं, आणि आनंदाच्या हातातला खडू फळ्यावर जागच्या जागी थांबला. प्रश्न तसा साधाच होता. सकाळपासून दोघं हुकूमच करत बसले होते. पुण्याच्या कॅम्पात मिशनचा बंगला होता आणि त्याच्या मागच्या व्हरांड्यात आनंदा रोज सकाळी या स्पॅनिश पाद्रीला मराठी शिकवायचा. पुण्यात त्याला आनंदराव मास्तर म्हणत, वेल्ह्याकडच्या वाडीत नुसता आनंदा. आज पाद्रीनं आल्या आल्या जाहीर केलं होतं की आता मला हुकूम शिकवा, आमचा आचारी माझं काही ऐकत नाही. मग ये, या, यावं. बस, बसा, बसावं. पाद्रीला नवं रूप मिळालं की ते तो समोर दिसेल त्याच्यावर चालवून बघायचा. त्यानं छत्रीला बसायला सांगितलं, खुर्चीला उठायला सांगितलं. कठड्यावरच्या कावळ्याला "आपण उडावं" म्हणाला आणि कावळा खरंच उडाला, तेव्हा त्या पन्नाशीच्या माणसाला असा काही आनंद झाला की आनंदालाही हसू आवरेना. त्याच्या भाषेतही असंच होतं म्हणे. मोठ्या माणसाला तिथं सरळ 'ये' म्हणत नाहीत. 'बेंगा उस्तेद' म्हणतात, म्हणजे आपण यावं, आपलं येणं होवो. "आम्ही मोठ्यांना सांगत नाही," पाद्री म्हणाला, "आम्ही फक्त इच्छा करतो, आणि ते ऐकतात." मग तो आनंदाच्या घरात शिरला. वडील काय म्हणतात? ये. आई काय म्हणते? जेव, मुडद्या. मुडद्या म्हणजे काय ते समजावण्यात थोडा वेळ गेला. आणि मग पत्नी.

"ती..." आनंदा म्हणाला, "ती फारशी बोलत नाही."

"म्हणजे तिची काही इच्छा नसते?"

पाद्रीनं हे अगदी निर्मळपणानं विचारलं होतं. त्याला बायको नव्हती, त्यामुळे त्याला काहीही विचारायची मुभा होती. आनंदा हसला, फळा पुसला, उद्यापासून चार दिवस गावी जातोय म्हणून सांगितलं आणि बाहेर पडला. पण पायात खडा शिरावा तसा तो प्रश्न बरोबरच आला. रस्त्यावर टांगेवाले घोड्यांना हुकूम करत होते, एक मडमीण कुत्र्याला हुकूम करत होती, आणि एक म्हातारी नातवाला इतकं भराभरा हुकूम देत होती की त्यातला एकही पाळायला पोराला सवड मिळत नव्हती. सगळं जग एकमेकांना काही ना काही सांगत होतं. फुलानं आपल्याला आजवर काय सांगितलं? आनंदानं आठवून पाहिलं. काही म्हणजे काही आठवेना. तसं बघितलं तर ती मुकी नव्हती. शेजारणींत बसली की तिचा आवाज ओढ्यापलीकडे ऐकू जायचा. पण नवऱ्याशी बोलायचं म्हणजे तिला मध्ये कोणीतरी लागायचं. मांजर, नाहीतर वासरू, अगदीच कोणी नसलं तर चूल. भाकरी तव्यावरून उतरली की ती मांजराला सांगायची, "जेवाया बसाया हरकत न्हाई आता." पहाटे मोटार गाठायची असली की गोठ्यातल्या वासराला म्हणायची, "उठावं की बाबा, कोंबडं आरवून दमलं." आणि आनंदा उठायचा. वासरू उठायचं नाही. ही सगळी वाक्यं आनंदाच्या अंगावरून पुढे जायची, त्याला लागायची, पण त्याच्यासाठी अशी एकही नसायची. आणि मग चालता चालता त्याच्या लक्षात आलं की आपण तरी काय बोलतो तिच्याशी? पाणी. टोपी. दिवा. दिवसभर लोकांना क्रियापदं विकणारा हा मास्तर घरी गेला की नुसत्या वस्तूंची नावं घेत होता. हे त्याला इतकं विचित्र वाटलं की भर रस्त्यात तो थांबला आणि मोठ्यानं हसला. एका टांगेवाल्यानं त्याला बाजूला व्हायला सांगितलं, तेही फारशा आदरानं नाही.

हसला खरा, पण खडा निघाला नाही. कारण एरवी एका रात्रीपुरता गावी जाणारा तो या वेळी चार दिवस चालला होता तो याचसाठी. नाना पेठेत एक खोली रिकामी होत होती. पुढे पत्र्याची पडवी, नळ अंगणातच, मालक शब्दाचा पक्का माणूस. अमावस्येपर्यंत होय की नाही सांगा म्हणाला होता. आजवर आनंदा दोन विद्यार्थ्यांबरोबर राहत होता आणि खाणावळीत जेवत होता, आणि खाणावळीच्या आमटीबद्दल बोलायलाच नको. खोली घेतली तर फुलाला आणता येणार होतं. त्याला ते फार हवं होतं. किती हवं होतं हे तो कोणालाही सांगत नव्हता, कारण सांगायचं तर कोणाला? वडिलांना, आबांना, सांगावं तर ते म्हणणार, बाईलवेडा झालास. आणि फुलाला सांगावं तर... इथंच सगळं अडत होतं. फुलाला त्यानं 'चल' म्हटलं की ती चालू लागणार. तोंड फिरवून चुलीला दोन शब्द सांगणार आणि गाठोडं बांधणार. मग ती आली ती हुकूम म्हणून आली की तिला यायचं होतं म्हणून आली, हे त्याला जन्मात कळणार नव्हतं. नवऱ्यानं कितीही हळू आवाजात इच्छा केली तरी बायकोच्या कानापर्यंत जाईतो तिचा हुकूम झालेला असायचा. पाद्रीच्या देशात कदाचित हे चालत असेल. आपल्याकडे कसं चालायचं? म्हणून त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं की आपण काही बोलायचं नाही. आधी तिनं बोलावं. आधी तिला काय हवं ते तिच्या तोंडून ऐकायचं, मग आपलं सांगायचं. हे ठरवताना आपण फार मोठ्या मनाचे आहोत असंही त्याला थोडंसं वाटलं होतं. आता ते तितकंसं वाटेना.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या सडकेच्या सर्व्हिस मोटारीत त्याला पुढची जागा मिळाली ती एका शब्दाच्या जोरावर. मोटारीचा ड्रायव्हर शिवऱ्याचा मौलाली, ओळखीचा. त्याला आनंदानं सहज सांगितलं की आमच्या पाद्रीच्या भाषेत 'असं होवो' म्हणायला 'ओहाला' म्हणतात, आणि तो शब्द त्यांच्याकडे मुसलमानांच्या राज्यात गेला, त्यात अल्लाचं नाव आहे म्हणे. मौलाली एवढा खूश झाला की त्यानं पुढं बसलेल्या एका गूळवाल्याला उठवून मागं धाडलं. "मास्तर, तिकडं बी आपली मानसं गेली व्हती व्हय!" आणि मग कात्रजच्या घाटात प्रत्येक वळणावर तो "ओहाला!" असं ओरडून चाक फिरवायचा. मोटार वर चढो, इंजिन न तापो, समोरून बैलगाडी न येवो. मागच्या बायकांना वाटलं हा ब्रेकचाच काही प्रकार आहे. आनंदा मात्र हसता हसता मनात म्हणत होता, फुला काय म्हणेल? ओहाला. पुढं बघताना घाटाखालची खाचरं दिसत होती, भात कापून झालेली, पिवळी, मोकळी, आणि वाऱ्याला पेंढ्याचा वास होता. त्याला आठवलं, लग्नानंतर पहिल्यांदा फुला घरात नांदायला आली तेव्हाही झोडणीच चालली होती. तिच्या केसांत भाताचं कुसळ अडकलेलं त्याला दिसलं होतं आणि ते काढावं म्हणून हात पुढं केला तर ती दचकून म्हणाली होती, "शेळी सुटली वाटतं." शेळी कुठंच नव्हती. ती बिचारी दाव्याला बांधलेली होती आणि दोघांकडं बघत होती.

नसरापुराहून पुढं चालत, आणि अर्ध्या वाटेत एका बैलगाडीच्या मागं बसून, तो वाडीत पोचला तेव्हा दिवस कलला होता. आबा खळ्यात होते. आबा म्हणजे चिमाजी, वाडीतला बोलका माणूस. पोराला बघितल्यावर त्यांनी आधी पेंढ्यांचा हिशेब सांगितला, मग बैलांचा आणि मग तब्येत विचारली. आई ठकुबाईनं गुळाचा खडा दिला आणि वाळलास म्हणून सांगितलं. ती दर खेपेला हे सांगायची. खोलीचं बोलणं जेवणाआधीच निघालं. आबांचं म्हणणं सरळ होतं. घरात कामाला हात पाहिजेत. सून गेली की तिचे दोन्ही हात जाणार. आईचं म्हणणं तितकं सरळ नव्हतं. तिला सून घरात पाहिजे होती आणि नातूही पाहिजे होता, आणि मुलगा पुण्यात नि सून वाडीत असताना नातू कुठून यायचा हे तिला कळत होतं, पण आबांपुढं बोलता येत नव्हतं. म्हणून ती नुसती म्हणाली, "देवीला इचारा की." आबा लगेच तयार झाले. देवीला विचारलं की घरात भांडण होत नाही, हा त्यांचा अनुभव होता. "सकाळी कौल लावू," ते म्हणाले. झालं. फुला आत भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज एकदाच थांबला आणि पुन्हा सुरू झाला. आनंदानं तो थांबलेला आवाज ऐकला आणि त्याच्या मनात आशा आणि भीती दोन्ही एकदमच आली.

भाकऱ्या झाल्यावर ती गोठ्यात गेली, मग तोही गेला. फुला म्हशीला वैरण टाकत होती. उजेड अजून होता, पण तो गोठ्याच्या दाराशीच थांबला होता, आत शिरला नव्हता. त्यानं घसा साफ केला.

"पुण्याला जायचं म्हणतात," तो म्हणाला. कोण म्हणतात हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. मग धीर करून पुढं म्हणाला, "तुझी काय इच्छा आहे?"

फुलानं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. "इच्छा इचारत्यात बग," ती म्हशीला म्हणाली. "घरात थोरली मानसं बसल्याती, आन् सुनेची इच्छा इचारत्यात. आपन आपला पाला खावा." आणि म्हैस पाला खात राहिली. आनंदा तिथंच उभा होता. आपण काही बोलावं, एकदाच, एवढंसंच, असं त्याला इतकं वाटलं की ओठही हलले. पण मग पुन्हा तेच. मी बोललो की झालं, मग ती इच्छा तिची राहणारच नाही. फुला पेंढी हातात घेऊन थांबली. ती कशाची वाट बघत होती? मग तिनं हातातली पेंढी म्हशीपुढं टाकली आणि ती बाहेर गेली. ती गेल्यावर त्याला पहिल्यांदा वाटलं की चुकलो की काय आपण. तो म्हशीकडं बघत राहिला. म्हशीनं मान हलवली, त्याचा अर्थ काय लावायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं.

सकाळी थंडी कडक होती आणि ऊन स्वच्छ. देवीचं देऊळ वाडीच्या वर, चढावर. चार खांब, कौलारू छप्पर, आत शेंदूर चढलेली शिळा. सोनबा गुरव आंघोळ करून बसलेला होता आणि थंडीनं त्याचे दात वाजत होते. आबा, आई, आनंदा, आणि मागं पदर पुढं ओढून फुला. कौलाची रीत वाडीतल्या पोरांनाही पाठ होती. झेंडूच्या दोन कळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या. मग आपलं म्हणणं देवीला मोठ्यानं सांगायचं, मनातल्या मनात नाही, कारण देवीला मनातलं कळतं हे खरं असलं तरी मागणाऱ्याला आपलं मन कळलंय की नाही हे तिला बघायचं असतं, असं सोनबा म्हणायचा. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सोनबानं कळ्या लावल्या. आबा पुढं सरले, हात जोडले, आणि पंचायतीत बोलावं तशा आवाजात म्हणाले, "आई, सून हितंच ऱ्हावी, घराचं काम चालावं, असं तुझ्या मनात असंल तर उजवा दे."

कळ्या तशाच राहिल्या. पाच माणसं दोन कळ्यांकडं बघत बसली. बाहेर कुणीतरी बैलांना हाकत होतं. आबा पुन्हा बोलले, जरा मोठ्यानं. कळ्या हलल्या नाहीत. सोनबा डोळे मिटून बसला होता. त्यानं एक डोळा उघडला. "चिमाजी," तो म्हणाला, "म्हननं बराबर हाय तुमचं. पर जिची गोष्ट हाय तिनं सांगितलं न्हाई अजून. देवीला परक्याच्या तोंडचं भावत न्हाई."

"ती काय सांगनार?" आबा म्हणाले.

"ते देवीला कळंल की."

आईनं फुलाला हळूच पुढं ढकललं. फुला शिळेसमोर बसली. आणि फुला बोलू लागली. कसली कुजबुज आणि कसलं काय! ओढ्यापलीकडे ऐकू जाणारा तिचा तो आवाज देवळात घुमला. देवीला कोणी अहो-जाहो करत नाही. देवी म्हणजे आई, तिला तू म्हणायचं, तिच्यावर ओरडलं तरी चालतं. हे आनंदाला माहीत होतं, पण त्याचा अर्थ आजच समजत होता.

"आये," फुला म्हणाली, "म्या फुला. रोज सकाळी तुझ्या पायावर पानी घालते तीच. ऐक आता. मला पुन्याला जायचंय. कामाला भिऊन न्हवं. भात झोडून मळून कनगीत पडल्याबिगर म्या हितनं हलनार न्हाई, ते मामंजींनी मनात धरू नये. पर मला जायचंय. ह्ये येत्यात तवा दिवस कललेला असतो आन् जात्यात तवा उजाडलेलं नसतं. लगीन झाल्यापासनं ह्यांचं तोंड म्या उन्हात धड बघितलेलं न्हाई. एकदा तरी बघू दे की गं! दुपारच्याला जेवत्यात कसं, हसत्यात कसं, त्ये तरी मला ठावं हुई. उजवा दे. बघत काय बसलीस? दे म्हनते न्हवं!"

आईनं पदर तोंडात कोंबला आणि तिचे खांदे हलू लागले. ती हसत होती की रडत होती ते आबांना कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. सोनबाचे आता दोन्ही डोळे उघडे होते. आनंदाला काही दिसत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायची त्याला लाज वाटत होती आणि त्याच वेळी त्याला असा आनंद झाला होता की उठून देवळाच्या खांबाला मिठी मारावी. तिला यायचंय. नुसतं यायचंय नाही, तिला आपलं तोंड बघायचंय. हे तोंड! पाद्रीला दाखवायचं, कावळ्याला दाखवायचं, आणि हिला नाही. कसला शहाणा मी! पण कळ्या पडल्या नाहीत. खूप वेळ झाला. आबा खाकरले. फुलानं शिळेकडं बघितलं, मग मान वळवली. पदर थोडा मागं घसरला होता आणि तिनं तो ओढला नाही. दारातून येणारं ऊन तिच्या कपाळावर पडलं होतं. तिनं सरळ आनंदाकडं बघितलं. मध्ये मांजर नव्हतं, वासरू नव्हतं, चूल नव्हती.

"तिनं एकीच्याच बोलन्यावर का द्यावा?" ती म्हणाली. "दुसऱ्यानं तोंडात गुळणी धरलीया. आता तुमी बोला. तुमाला काय पाहिजे त्ये बोला."

आनंदानं तोंड उघडलं. त्याच्या डोक्यात मराठीची सगळी रूपं एकदम धावून आली, यावं, यावंस, येशील का, येणं झालं तर. त्यांच्या मागं पाद्रीची लांबलचक रूपंही आली, आणि सगळी दारात अडकली, लग्नघरातली माणसं जेवणाच्या वेळी अडकतात तशी. आबा बघत होते. आई बघत होती. आयुष्यात एवढ्या माणसांसमोर त्यानं बायकोला उद्देशून एक शब्द काढला नव्हता. आणि मग त्याला वाटलं, आता कसली भीती? तिनं तर सांगून टाकलंय. आता हा हुकूम होणारच नाही, कसाही बोललो तरी.

"ये," तो म्हणाला. आवाज फुटला म्हणून पुन्हा म्हणाला, "फुला, तू ये. मला तू तिथं हवीस. मला करमत नाही."

"येते की," फुला म्हणाली, आणि हसली. सगळे दात दिसले. आनंदानं तिला असं हसताना आजवर पाहिलं नव्हतं, आणि आता उन्हात पाहिलं.

ठकुबाईनं पदर सोडला. "मुडद्या, मग आधी का न्हाई बोलला?" ती म्हणाली आणि डोळे पुसू लागली. एवढ्यात सोनबानं देवीकडं बघितलं आणि तो कपाळावर हात मारून उठला. एक कळी खाली, पायरीवर पडली होती. दुसरी होती कुठं? तीही खाली होती, तिच्या शेजारीच.

"कंची पडली आधी?" आबांनी विचारलं.

सोनबानं डोकं खाजवलं. "खरं सांगू का चिमाजी, म्या बघितलंच न्हाई. म्या ह्या दोघांकडं बघत हुतो."

कोणीच बघितलं नव्हतं. आबांनी आनंदाकडं बघितलं, ठकुबाईकडं बघितलं, मग स्वतःच वाकून ताम्हनातल्या कळ्यांपैकी दोन उचलल्या आणि पाण्यात बुडवल्या. "मग परत लावा कौल."

"नगा लावू, मामंजी," फुला म्हणाली.

आबा वळले. सून त्यांच्याकडं बघत होती, पदर सावरून, हात जोडून, पण बघत होती. चिमाजींनी हातातल्या ओल्या कळ्यांकडं बघितलं. मग त्यांनी त्या देवीच्या पायांशी ठेवल्या.

"बरं," ते म्हणाले.